पान एकशे बारा

इर्मगार्ड म्हणते, या हिवाळ्यात
तुझ्याइतकी पुस्तकं कुणीच नेली नाहीत.
मी काही बोलत नाही. वाल्दिव्हियात जून लागला
की नदी कुठं संपते आणि आभाळ कुठून लागतं ते कळत नाही,
लाकडं ओली, चूल रुसलेली,
आणि गुडघे ग्रंथालयाच्या पुढं नेत नाहीत.

आधी ती जाडजूड कादंबरी, कोळशाच्या खाणीची.
सहाशे पानं, चार पिढ्या.
लेखकाला प्रत्येकाच्या मनातलं ठाऊक,
पण खोकला एकालाही येत नाही.
माझा नवरा लोटाच्या खाणीत अकरा वर्षं होता.
उशीत तोंड खुपसून खोकायचा, पोरं उठू नयेत म्हणून.
तीनशेव्या पानापर्यंत मी त्या आवाजाची वाट पाहिली,
मग कादंबरी खिडकीच्या फटीला लावली.
वारा अडला. तेवढं मात्र तिनं चोख केलं.

मग एका गायिकेचं आत्मचरित्र.
बाई क्षमा करत सुटते:
आईला, दोन्ही नवऱ्यांना, पियानोवाल्याला,
बिदागी वाटावी तशी.
मला ती आवडली एकाच पानावर,
जिथं बहिणीचा निळा कोट परत दिला नाही म्हणते
आणि एकदम हवापाण्याबद्दल बोलू लागते.

शितावरून भात कळतो, खरं आहे.
पण काही पुस्तकांत एकच शीत शिजलेलं असतं
आणि मी त्यावर आठवडा काढते.

एक बारकीशी कादंबरीही होती, तेविशीतल्या मुलीनं लिहिलेली.
काही कळलं नाही. दोनदा वाचली.

आणि मग हे. कप्तान ओयार्सून यांच्या आठवणी.
पान एकशे बारा. साठ सालचा भूकंप,
घरं गुडघ्यावर आलेली, नदी उलटी फिरलेली,
आणि, 'एका नावाड्याने मला पैलतीरी नेले,
दुप्पट भाडे मागून.'
बस. आठ शब्द.

त्या नावेत मी होते. सात वर्षांची,
डबड्यानं पाणी उपसत.
नावाडी म्हणजे माझे वडील, नासारियो.

उभ्यानंच पान उलटलं,
वाटलं, ते पुढं परत येतील.
पुढच्या पानावर कप्तान सांतियागोला पोचले होते,
सूप पीत होते.

खोटं आहे, मी मोठ्यानं म्हटलं. मांजर उठून गेलं.
त्या दिवसांत माझ्या बापानं
कुणाच्या पैशाला हात लावला नाही.
आईच सांगायची, दर मे महिन्यात,
कुणी विचारलेलं नसताना.

कुणी विचारलेलं नसताना.

आणि कपाटात एक घड्याळ होतं, साखळीचं,
आमच्या ऐपतीबाहेरचं,
ज्याला हात लावला की पाठीत धपाटा बसायचा.
ते कुठून आलं, कप्तानांनी लिहिलेलं नाही.
मलाही कुणी सांगितलं नाही.

त्या आठ शब्दांवर काट मारायची म्हणून पेन्सिल घेतली.
ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये, मला का माहीत नाही?
शाळेत शिपाईण होते, बाकांवरची नावं
घासून घासून बोटं सोलली माझी.
पेन्सिल तशीच धरून बसले, चहा निवला.
शेवटी समासात, बारीक अक्षरात,
शपथेवर सांगता येईल तेवढंच लिहिलं:
नावेचं नाव गोलोंद्रिना.
पाणी उजव्या बाजूनं आत येत होतं.

आज परत केलं. इर्मगार्ड पानं चाळते,
सगळ्यांचीच चाळते, एकशे बारावर थांबली.
तिच्या खणात खोडरबर असतो, अख्ख्या गावाला माहीत आहे.
चष्मा कपाळावर सरकवला.
"उजव्या?"
"उजव्या."
तिनं खण उघडला, शिक्का काढला, मारला.

आणि खाणीची कादंबरी? मुदत संपली, म्हणाली.
अजून पंधरा दिवस दे, म्हटलं,
खिडकीला लागते आहे.
शिवाय तीनशे पानं उरलीत.
खोकेल कुणीतरी.