छत्तीस घरांना एक

लातूरच्या कॉलेजात स्लाइडवर जे पाहिलं
ते आईला सांगावं म्हणून रेणापूरच्या पुढं उतरले,
तर ती तेलंगे वस्तीच्या हातपंपाशी,
बाबांचा जुना फुलशर्ट लुगड्यावर चढवून
पाइप उपसत होती. दहा फुटी. सातवा.
एप्रिल. लोखंडाला लावलेला हात परत आपला राहत नाही.
"केवळाकाकू, पाणी कवा येतंय?" पोरं विचारत होती.

"तू काय शिकायलीस?" आई मला म्हणाली, पाना मागत.

सांगितलं:
कातडीच्या तळमजल्यावर एक पेशी असते,
मुळ्यांसारखे हात पसरलेली.
ती काळं शिजवते
आणि दाण्यादाण्यानं शेजारी वाटते,
छत्तीस घरांना एक.
घरं ते दाणे कुठंही ठेवत नाहीत.
आतल्या केंद्रकावर, उन्हाच्याच अंगाला,
टोपीसारखे रचतात.
खाली सगळी लिपी असते. आपली उंची,
पणजीकडून आलेली दातांतली फट.

"म्हणजे तुला पंपापाशी निजवून
वरून वल्लं फडकं टाकायची मी, तसं."

तसंच. तरीही ऊन शिरतं.
लिपीतली शेजारशेजारची दोन अक्षरं
एकमेकांना चिकटवून टाकतं,
गंजून जाम झालेल्या नटासारखी.
मग पेशी वाढ थांबवते. आधी दुरुस्ती.
खराब तुकडा दोन्हीकडून कापते,
समोरच्या धाग्यावरून माप घेते,
नवा भरते, सांधते.

आई हसली. तिच्या पायाशी
सडका, हातभर पाइप कापून पडला होता
आणि ती नव्याला आटे पाडत होती.
"अन् नाहीच झालं दुरुस्त?"
मग पेशी स्वतःहून मरते. आपण म्हणतो, साल निघालं.
"आम्ही बोअरला टोपण ठोकताव."

पाहुणे बघायला येणार म्हणून मावशीनं मला
गोरं व्हायची ट्यूब दिली होती.
आईनं ती पंपाच्या चामडी वायसरला चोळून संपवली.
"कातडीचं औषध, कातडीलाच लावलं की."

बाही वर सरकली तेव्हा दिसली
मनगटावरची रेघ.
अलीकडं तवा, पलीकडं कणीक.
ऊन आज लागतं, काळं परवा येतं.
मधल्या दोन दिवसांत काय काय चिकटून राहतं
त्याचा हिशोब आम्हाला अजून शिकवलेला नाही.

पाणी आलं. आधी गंजाचं, मग बरं.
पोरांनी कळशा लावल्या.
आईनं प्यायच्या आधी मानेवर ओतून घेतलं
आणि मधेच विचारलं,
"छत्तीस घरांला वाटती म्हनलीस.
तिच्या सवताच्या डोक्यावर किती उरतं?"

मी वही काढली. बराच वेळ पानं उलटली.
"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "पाना धर.
भोकरंब्याला अजून एक हाय."