कसर

सावद्याला, केळीच्या वखारीमागे
डोंगर चौधरींचं लोखंडी कपाट.
"हात धुईसन या," म्हणतात,
आणि खारव्याच्या बासनातून सोडतात
साडेतीनशे वर्षांपूर्वीचा पदुमभट.

जमिनीवर घडा नाही.
हे 'नाही' डोळ्यांना दिसतं का?
एकशे बारा पानं
बोरूने एवढंच विचारलंय त्याने.
एका समासात हिशेब: तेल, दीड शेर.

उत्तराच्या पानाला
कसर लागलेली.
भोकातून खालच्या पानावरचा
अर्धा 'न' दिसतो.

झेरॉक्स मागितली तर चौधरी हसतात:
"भोकं काळी येतात हो त्यात."

बाहेर ट्रक भरतोय.
उघड्या कपाटात, वरच्या खणात,
पोथीच्या मापाचा
धूळ नसलेला चौकोन.
मी तो
बराच वेळ पाहतो.