सांडल्यास काय करावे

आराखड्याच्या चौथ्या मसुद्यात
आठवं पान अजून कोरंच आहे.
वर नुसता मथळा: सांडल्यास काय करावे.

खानापूरच्या रानातून गोचीड यायचे आहेत डिसेंबरात,
बर्फाच्या पेटीत, आवरणात आवरण, त्यात आवरण,
परगावी कुंदा पाठवताना
डब्याला तीन पिशव्या घालतात तसे.
समितीत माकडतापाचं नाव सगळे दबकत घेतात.
मुजावर मॅडम म्हणतात, घ्या की नाव,
तापाचं आहे, नवऱ्याचं नाही.

दारावरच्या पाटीवर कुठली भाषा वर
यावर पाऊण तास गेला.
तेवढ्यात ऑटोक्लेव्हची एक फेरी झाली असती,
टेपवर काळे पट्टे उमटले असते.
शेवटी पिवळ्यावरचं ते काळं चिन्हच
वीतभर मोठं करायचं ठरलं.
बाळव्वा फरशी पुसता पुसता थांबली:
पाखरे, ह्यो कुठल्या देवाचा शिक्का?
मला उत्तर सुचलं नाही.
कोपणाऱ्या, म्हटलं.

गुरुवारी चार वाजता सराव.
स्पिरिटात हळद कालवून
मी स्वतः ती बाटली टेबलावरून ढकलली.
हळद म्हणजे विषाणू, असं समजायचं.
सगळे बाहेर. दार बंद. अर्धा तास
हवेतलं खाली बसू द्यायचं.
व्हरांड्यात आम्ही गप्प उभे,
काकतीच्या डोंगरावर ऊन उतरत होतं
आणि कुणीतरी विचारलं, लाईट गेली तर?
मी वहीत लिहून घेतलं: लाईट गेली तर.
पुढे काही लिहिलं नाही.

मग हातमोजे, दोन जोड्या.
कागद कडेकडून आत टाकत जायचा,
मधून बाहेर नाही. त्यावर ब्लीच,
आणि वीस मिनिटं काहीही न करणं,
जे आमच्या पोरांना सगळ्यात अवघड जातं.
काचा चिमट्यानं. पिशवी पिवळी.
झालं. स्वच्छ. टाळ्यासुद्धा वाजल्या.

मॅडमनी दिवे मालवले,
निळा दिवा लावला.

दाराची मूठ उजळली.
बटणांवर बोटं उजळली, चार.
कार्तिक हुद्दारच्या नाकाचा शेंडा
(मी हात लावलाच नव्हता, सर).
कुणाच्या तरी मोबाईलची एक बाजू;
आईचा फोन होता म्हणे, उचलावा लागला.
आणि माझ्या वहीचा कोपरा,
जिथून मी पानं उलटतो.

बाळव्वाचे हात काळेच राहिले.
पुढे मागे करून दाखवले तिनं, काळेच.
फक्त कपाळ,
मधोमध, लख्ख पिवळं.
कुणी काही बोलेना.
ह्यो पुनवेचा, ती म्हणाली, सौंदत्तीचा.
तुमच्या बाटलीतला न्हवं. पुसायची नाही मी.
मॅडमनी नोंद केली: सरावाआधीपासून. ग्राह्य.

हात कुठं शिकलीस एवढे राखायला?
बारा वर्षं दवाखान्यात सुया वेचल्या की ओ.
एकदा टोचली.
कुणाला सांगितलंस?
सांगितलं. खरं त्यांनी वहीत घेतलं न्हाई.
म्हणाले, कागद कानडीत भर,
मग म्हणाले, इंग्रजीत.
मग मी परत झाडायला गेले.
सहा महिने पोराला जवळ घेतलं न्हाई, एवढंच.

आठवं पान तिच्यासमोर धरलं.
तूच सांग, पहिलं काय लिहू.
तिनं मोजे उलटे करून काढले,
आतलं बाहेर, बाहेरचं आत,
पिशवीत टाकले आणि म्हणाली,
पहिलं वरडायचं.
कुठल्याबी भाषेत.
आणि ऐकणाऱ्यानं लिवून घ्यायचं.

तसंच उतरवलं. शुद्धलेखन
समिती बघेल.

रात्री जेवताना नखात पिवळं दिसलं.
वरणातलं की गुरुवारचं, कळेना.
बायको म्हणाली, काय झालं?
उठलो, कोपरापर्यंत धुतले हात,
परत बसलो.
मग नखाकडे न बघता
तिला सगळं सांगितलं.