टोकन नंबर एकशे सदतीस

फलकावर लिहिलं होतं, सह्या दहा ते बारा.
आम्ही साडेआठलाच कंपूच्या मैदानावर हजर.
धुकं असं की गोलपोस्टही दिसेना.
ऋजुताच्या हातात तिची स्टिक,
कोरड्या फडक्यानं दोनदा पुसलेली,
फुलमनीची सही नीट उमटावी म्हणून.
मार्कर माझ्या खिशात. काळा, पक्क्या शाईचा,
दौलतगंजात चाळीस रुपयांना घेतलेला.

आम्ही चौथे होतो.
सव्वानऊला कुणीसं म्हणालं, गेट मागचं उघडणार,
तशी रांग जागच्या जागी वळली,
शेपटाचं डोकं झालं,
आणि आम्ही एकशे सदतिसावे.
तसं टोकनही मिळालं, गुलाबी कागदाचं,
मागं क्लबच्या सचिवांची लफ्फेदार सही.
सहीशिवाय टोकन बाद, असं खाली छापलेलं.

दहा झाले. अकरा झाले.
गाडी धुक्यात अडकलीय, माइकवरून कळलं.
मग माइक हातात आहेच म्हणून एक भाषण झालं,
मग त्या भाषणाचे आभार.
मुरैन्याची गजक विकणारा दोनदा फिरला,
आधी साठला पाव, नंतर ऐंशीला.
सबंध मैदानात नियोजन असलेला तेवढा एकच माणूस.

पुढं तोमर म्हणून एक पेन्शनर होते.
पिशवीत जुनी वही, पानापानावर सह्या.
म्हणाले, तेव्हा सामना संपला की खेळाडू गवतावर बसायचे,
बूट सोडत. आपण शेजारी जाऊन बसायचं.
टेबलच नव्हतं,
त्यामुळे रांगही नव्हती.

सव्वाबाराला गलका झाला.
निळं जॅकेट, एक वेणी, बस्स, एवढीच दिसली फुलमनी.
बाजूच्या दारानं सचिवांचे भाचे आत गेले,
भाच्यांचे मित्र, मित्रांच्या आया,
सोफ्यावर फोटो झाले, समोसे गेले.
रांग तीन पावलं सरकली.
ती तीन पावलंही थंडीनं माणसं चिकटली म्हणून.

मग सचिव भदौरिया पायरीवर आले :
'आज का हो गया. बाकी लोग फिर कभी.'

मी वीज कंपनीत आहे. बिलाच्या खिडकीवर, एकोणीस वर्षं.
हे वाक्य माझं आहे.
हाच सूर, अशीच नजर
समोरच्याच्या कानावरून पलीकडे भिंतीवर.
भांडायला उघडलेलं तोंड मी मिटलं.
नाही, खोटं कशाला सांगू,
भांडलोच. चांगला ओरडलो, पण मराठीत,
जी तिथं फक्त ऋजुताला कळत होती.
ती दुसरीकडे बघत होती.

स्कूटरवर पाटणकर बाजारापर्यंत ती गप्प.
स्टिक आडवी धरलेली, येणारेजाणारे वाकून वाचत होते स्वतःला.
मग म्हणाली, 'बाबा, खिडकीतून दिसली मला.
तीन बोटांना पट्ट्या होत्या तिच्या.
पेन दोन बोटांत धरत होती.'
थोड्या वेळानं,
'तरी करत होती.'

घरी टोकन माझ्या हातात दिलं.
'ठेवा, तुमच्या ऑफिसात चालेल.'
आईनं विचारलं, मिळाली का सही?
'मिळाली. सचिवांची.'
आणि स्टिक घेऊन गेली मागच्या गल्लीत,
जिथं खडी आहे,
जिथं कुठलीही सही चार दिवस टिकली नसती.
हे मला आधी सुचायला हवं होतं. तिला बहुधा ठाऊकच होतं.

सोमवारी मार्कर खिशातच निघाला.
झाकण उघडलं, नवी शाई, उग्र वास.
खिडकीवरची पाटी पुसट झाली होती, ती गिरवली :
भोजन अवकाश, डेढ़ से दो.
जेवून परत आलो,
तर दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

एरवी पावणेतीन होतात.