बारांतल्या पाच

बटाट्याची काढणी अर्धी राहिली होती
तेव्हा रेनो यंत्रावरून पडला.
खांद्याचं हाड दोन जागी.
काढणीच्या सुट्टीतली पोरं मातीच्या हातांनी धावत आली
आणि नुसतीच उभी राहिली,
बाप कधी आडवा न पाहिलेली पोरं.

कॅरिबू नावाचं आमचं गाव,
जिथं आता एकही कॅरिबू उरलेला नाही,
तिथल्या औषधवालीनं, मार्वेल ग्रँडमेझाँनं,
बाटली माझ्या हातात दिली, त्याच्या नाही.
बारा गोळ्या.
म्हणाली, ओदील, एका गोळीत दोघं राहतात.
एक अफूच्या कुळातला, दुखणं झोपवणारा,
दुसरा साधा, तापावरचा, तुझ्या कपाटातलाच.
पहिल्याला सगळेच भितात.
पण दुसराही मापाबाहेर गेला
तर यकृत पोखरतो, आवाज न करता.
वरून सर्दीचं औषध देऊ नकोस,
त्यातही तोच बसलेला असतो.

घरी येऊन मी आधी सर्दीच्या बाटल्या वाचल्या,
चष्मा पुसून, उजेडाला धरून.
तिन्हींत तो सापडला.
बिअरचा खोका तळघरात नेला,
ट्रकची किल्ली पिठाच्या डब्यात.
बियाण्याच्या कंपनीच्या कॅलेंडरवर
पेन्सिलीनं वेळा लिहीत गेले,
दिली किती वाजता, पुढची कधीच्या आत नाही.
मी देवदेव करणारी बाई नव्हे,
पण त्या आठवड्यात घड्याळाला हात जोडले.

पहिल्या रात्री तो तान्ह्या मुलासारखा झोपला.
मी झोपले नाही.
एक श्वास आत, एक बाहेर,
मधली जागा फार लांबत तर नाही ना.
दुसऱ्या दिवशी छताकडे बघून उगाच हसला.
तिसऱ्या दिवशी पोट फुगलं आणि चिडला,
हाडापेक्षा हेच जड आहे म्हणे.
सुके आलुबुखार भिजवून पुढे सरकवले.

त्याच दुपारी शेजारचा हॅडली आला,
चाळीस वर्षं पोती वाहिलेली पाठ धरून.
एकच दे, म्हणाला, माझी पाठ तुला माहीतच आहे.
माहीत होती.
कॉफी दिली. पाव दिला. गरम पाण्याची पिशवी दिली.
गोळी दिली नाही.
तो बराच वेळ कपात बघत बसला
आणि मी सिंकमध्ये.

चौथ्या रात्री, दोनच्या सुमाराला,
अंधारातून रेनो म्हणाला,
ओदील, दुखतंय म्हणून हवीये
की नुसतीच हवीये, कळत नाही.

एवढं खरं तो लग्नातही बोलला नव्हता.

मी दिवा लावला नाही.
त्याचा भाऊ लुसिएन येऊन आमच्या मधे बसला,
अक्कलदाढेच्या गोळ्यांपासून सुरू झालेला लुसिएन.
त्याच्याबद्दल आम्ही घरात बोलत नाही.
तेव्हाही बोललो नाही.

मग उठले. फ्रीजरमधली मटारची पिशवी
टॉवेलात गुंडाळून त्याच्या खांद्यावर ठेवली.
कॅलेंडर पाहिलं, वेळ भरली होती,
तेव्हा नुसती तापावरची गोळी दिली,
एकट्यानं राहणारी.
म्हटलं, अर्ध्या तासानं सांग.
अर्ध्या तासानं तो बटाट्यांवर आला,
पूर्वेचा तुकडा कोण काढतंय, दंव कधी धरेल.
दुखतंय ना? विचारलं.
दुखतंय, म्हणाला, पण माझ्यात मावतंय.

बाटलीत पाच उरल्या.
असू देत, कधीतरी लागतील,
असं प्रत्येक घरातलं कपाट म्हणतं.
मार्वेलच्या दुकानाच्या दाराशी हिरवी पेटी आहे,
पत्रपेटीसारखं तोंड, हात आत जात नाही.
टाकली.
खुळखुळ्याएवढा आवाज झाला.

परतताना ट्रक मीच चालवला.
गळ्यात हात बांधलेला रेनो
प्रत्येक वळणावर ओरडत होता, हळू, हळू!
शेतात पांढरं धरलं होतं.
पूर्वेचा तुकडा तसाच होता.