नात्याचा रकाना

वळिवड्याच्या कॅम्पात आमचे आबा कारकून.
दोन बोटांनी टाइपरायटर बडवत
परक्या लोकांचे अर्ज भरायचे.

लढाई संपली होती. पोलंड होतं नकाशावर,
पण या बायांची गावं
रेघेच्या पलीकडं गेली होती.
आता प्रत्येकीला एकच प्रश्न:
परदेशात तुमचं कोण?

नवरा फौजेत असला तर इंग्लंड.
सख्खा भाऊ असला तर बघू.
मावसभाऊ शिकागोला खाटीक,
त्याचं पत्र लागेल, शिक्क्यासकट.
कुणीच नसलं तर आफ्रिकेत दुसरा कॅम्प.

मग रात्री कौलारू बराकीत कंदील पेटायचे.
गाय विकून पैसे घेऊन पळालेला दीर,
सात वर्षं ज्याचं नाव घेतलं नव्हतं,
तोही एकदम ‘प्रिय’ झाला.

यादविगाबाई आली तेव्हा गुऱ्हाळं चालू होती.
बरोबर काझिक, नऊ वर्षांचा,
खिशात गुळाचा खडा, मराठीतल्या शिव्या तोंडपाठ.
शेजारणीचं पोर.
शेजारीण कुठल्याशा स्टेशनाबाहेर
बर्फात राहिली.

नवरा होता इंग्लंडात, बाईचं नक्की होतं.
आबांनी विचारलं, “हा तुमचा कोण?”
बाजारात पिशवीवर हात ठेवून
भाजीवालीशी भांडायची,
तशीच त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली,
“माझं हाय.”

आबांनी चष्मा पुसला.
‘मुलगा’ म्हणून इंग्रजीत तीन अक्षरं
कार्बनवर जरा जोरातच उठली.

घरी आईला म्हणाले,
“आज सरकारी कागदावर खोटं लिवलं.”
आई भाकरी थापत होती.
“आपल्या बाळूच्या शाळंत काय लिवलंय तुम्ही?”
बाळू म्हणजे मी. आईच्या बहिणीचा.
त्या रात्री कुणीच जास्त बोललं नाही.

गाडी मिरजेकडं निघाली तेव्हा
काझिकनं खिडकीतून मला कचकचीत शिवी हासडली.
मीही दिली. रडू नये म्हणून दोघांनीही.
पत्र आलं नाही. पत्ता द्यायला
आबांनीच मनाई केली होती,
खोट्याला साक्षीदार नको.

पुढं त्याच बराकीत सिंधी आले.
टाइपरायटर तोच, रिबन तेवढी नवी.
पहिल्या म्हाताऱ्याला आबांनी सवयीनं विचारलं,
“तुमचं कोण?”
त्यानं दाराबाहेर हात केला.
ट्रकमधनं अजून उतरतच होती माणसं.
आबांनी कागद उलटा केला.
“एवढ्यात मावायचं नाही,” म्हणाले,
“मागच्या बाजूला लिहू.”