चारशे सातवी ओळ

समिती येणार म्हणून
व्हरांड्यातल्या कुंड्यांना गेरू लागला,
मुलींच्या संडासाला कडी बसली,
आणि मला, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरच्या ऑपरेटरला,
सातशे बारा पोरांचं समाधान
शनिवारपर्यंत भरायला सांगितलं.

पाचपैकी चार. पाचपैकी चार. मधूनच तीन,
खरं वाटावं म्हणून.
बोटांना सवय होते.
लाइट गेली की तेवढा वेळ पोरं असमाधानी.

दुपारी खिडकीपाशी डिलेश्वरी कोडापे उभी.
बी.ए. दुसरं वर्ष, चिचगडच्याही पलीकडून
एसटीनं येते, फाट्यापासून पायी.
मशीनवर तिचा अंगठा उठत नाही.
'पुन्हा प्रयत्न करा', मशीन म्हणतं,
दर वेळी त्याच गोड आवाजात,
आणि माझ्या यादीत ती गैरहजर,
माझ्यासमोर उभी असताना.

आज मात्र अंगठ्याचं नव्हतं.
"सर जी, माजा नंबर कोनाले देल्ला?"
नागपूरच्या कुठल्या क्लासचा फोन आला होता.
त्याला तिचं नाव ठाऊक, बारावीचे टक्के ठाऊक,
घरचं उत्पन्न ठाऊक, जात ठाऊक,
म्हणून 'तुमच्यासाठी खास सवलत आहे, ताई.'
"माज्या मायनंबी अजून टक्के नाई इचारले जी."

मी म्हणालो, सही केली होतीस ना प्रवेशाच्या वेळी,
खाली बारीक अक्षरात होतं...
"हव. रांग होती. मांगून ढकलत होते."

मग तिनं पिशवीतून वही काढली,
शंभर पानी, कव्हरवर तेंदूचा डाग.
मे महिन्यात तिची माय फडीवर पानं नेते.
सत्तर पानांचा एक पुडा.
मुंशीनं लिहायच्या आधी
माय आपले पुडे आपण मोजते,
दोरीला गाठी मारत.
लिहनारा आपला नसते, म्हणते,
म्हून मोजनी आपली पायजे.

वहीत तारखा घालून लिहिलेलं होतं:
फोटो, सहा.
आधारची झेरॉक्स, चार वेळा, एकदा पुन्हा कारण हरवली.
अंगठे, डावा उजवा दोन्ही.
मायचं पासबुक.
पाळीची तारीख, आरोग्य सर्वेक्षण,
बाईंनी वर्गातच विचारली, मागच्या बाकावर पोरं होती.
हजेरीचं अ‍ॅप, त्याला मी कुठं आहे ते कळते,
रविवारीपण.
पुढे आखलेलं: कोणाला दिलं.
त्याच्याही पुढे: कशासाठी.
हा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

"येवढं भरून द्या जी."

नऊ वर्षं मी रकानेच भरतोय.
वडिलांचा व्यवसाय, धर्म, रक्तगट, अपंगत्वाचा प्रकार,
काहीच सुचलं नाही तर लागू नाही.
इथं लागू नाही लिहिता येईना.

मला ऑगस्ट आठवला.
कँटीनमध्ये पांढऱ्या शर्टातला माणूस,
साहेबांच्या ओळखीचा, माझ्या समोशाचे पैसे
मी नको म्हणत असताना दिलेले.
'फक्त यादी पायजे होती.'
पेनड्राइव्ह त्याचाच होता, निळा.
मला यातून काही मिळालं नाही,
हे मी आता तिला सांगितलं, जरा मोठ्यानंच.
ती काही बोलली नाही.
समोसा तर मिळाला होता.

मी तिच्या वहीत लिहिलं:
मोबाइल नंबर, टक्के, जात, उत्पन्न.
कोणाला: नाव विचारलं नाही.
कशासाठी: तेही विचारलं नाही.
खाली सही.
तिनं वही फिरवून पाहिली.
"नाव उठलं पायजे जी. हे वाचता येत नाई."
मग मी पूर्ण नाव लिहिलं,
शाळेत लिहायचो तसं, काना मात्रा जपून.

स्क्रीनवर चारशे सहा भरून झाले होते.
चारशे सातवी ओळ तिची.
मी उठलो, खुर्ची तिला दिली.
तिनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं,
चार दहाची गाडी, मग थेट सहाला,
तरी बसली,
ओढणीनं बोटं पुसली,
आणि पहिला प्रश्न वाचू लागली
ओठ हलवत, हळू.

बाहेर गाडीनं हॉर्न दिला. तिनं मान वर केली नाही.